दम वाढवणारा कमी ऑक्सिजनचा सराव: हौशी संघांनी कोणत्या क्रमाने करायचा

संध्याकाळच्या प्रॅक्टिसला तोंडावर काळा रबरी मास्क बांधून धावणारा एक तरी खेळाडू हल्ली गोव्यातल्या बहुतेक क्लबांत दिसतो. दुकानदार त्याला 'हाय अल्टिट्यूड मास्क' म्हणून विकतो. पण तो मास्क हवेतला ऑक्सिजन कमी करत नाही. झडप आवळली की हवा आत यायला त्रास होतो, एवढंच. आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन जवळपास तेवढाच, म्हणजे २०.९ टक्के. रक्तातला ऑक्सिजन फारसा उतरत नाही, छातीचे स्नायू दमतात आणि धावण्याचा वेग पडतो. वेग पडला की स्प्रिंटचा सराव वाया जातो.

खऱ्या अर्थाने कमी ऑक्सिजनचा सराव तीन वाटांनी होतो: उंच डोंगरावर राहून, ऑक्सिजन कमी करणाऱ्या यंत्रावर, किंवा मैदानावरच श्वास सोडून, रोखून स्प्रिंट मारून. पेडणे, डिचोली किंवा सासष्टीतल्या गावच्या संघाला परवडणारी वाट तिसरी. म्हणून इथे मुख्य भर तिच्यावर आहे. यंत्र आणि डोंगर शेवटी थोडक्यात येतील.

ही पद्धत काय देते ते आधी स्पष्ट असू द्या. तिने हिमोग्लोबिन वाढत नाही. ऑक्सिजन कमी असताना पुन्हा पुन्हा वेगाने धावायची स्नायूंची तयारी होते. त्यामुळे पंचाहत्तराव्या मिनिटाचा स्प्रिंट पाचव्या मिनिटाच्या स्प्रिंटच्या थोडा जवळ येतो. फुटबॉल, हॉकी, रग्बी, बास्केटबॉल, हँडबॉल खेळणाऱ्याला हेच हवं असतं. दहा किलोमीटरची शर्यत धावणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही.

## टप्पा १: कोणी करायचं नाही, हे आधी ठरवा

यादी करा आणि प्रत्येक खेळाडूला वेगळं बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर कोणी फिट येत असल्याचं सांगत नाही.

या सरावातून वगळायचे खेळाडू: हृदयविकार असलेले, छातीत धडधड किंवा धावताना चक्कर येणारे, रक्तदाब ताब्यात नसलेले, अपस्मार असलेले, दमा नीट आटोक्यात नसलेले, वारंवार अर्धशिशी होणारे, गरोदर महिला आणि अठरा वर्षांखालची मुलं. सिकलसेल असलेल्यांनी तर हा सराव करूच नये. नुसता वाहक असला तरीही नाही, कारण ऑक्सिजन उतरला आणि अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या रक्तपेशी आकार बदलू शकतात. गोव्यातल्या अनेक संघांत विदर्भ, छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडून आलेली मुलं खेळतात. त्या भागांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा एकदा रक्त तपासून घ्या.

पावसाळ्यानंतर डेंग्यू किंवा मलेरिया होऊन गेलेला खेळाडू ताप उतरला म्हणजे तयार झाला असं नाही. डॉक्टरांनी पूर्ण जोराच्या व्यायामाला हो म्हटल्यावरच त्याला घ्या.

खबरदारी: हा सराव पाण्यात कधीही करायचा नाही. तलावात नाही, समुद्रात नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. श्वास रोखून पाण्याखाली शुद्ध हरपली तर माणूस हातपाय न मारता बुडतो आणि काठावरच्याला कळतही नाही. हे वाक्य प्रॅक्टिसच्या पहिल्या दिवशी मोठ्याने सांगा. मुलं शिकलेली युक्ती संध्याकाळी समुद्रावर करून बघतात.

## टप्पा २: रक्ताची तपासणी, चार ते सहा आठवडे आधी

दोन तपासण्या पुरतात: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या खाली किंवा स्त्रियांत १२ च्या खाली असेल, तर आधी त्याचा उपचार. हिमोग्लोबिन बरं असून फेरिटिन ३० च्या खाली असेल तर शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. असा खेळाडू तीन आठवड्यांचा हा सराव करून आणखी थकतो आणि दोष पद्धतीला देतो.

फेरिटिन तापात आणि सूज असताना खोटं चढलेलं दिसतं. आजारातून उठल्यावर निदान दोन आठवडे थांबून तपासा.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. रोज दोन गोळ्या घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेली गोळी बऱ्याचदा अंगी जास्त लागते. गोळीबरोबर लिंबू चालेल, चहा नको. चहा-कॉफी आणि गोळी यांत किमान एक तास ठेवा. जेवणात तिसऱ्या आणि कलेजी हे लोहाचे चांगले स्रोत. तांबड्या भाजीतलं लोह अंगी कमी लागतं, पण तिच्यावर लिंबू पिळलं तर फरक पडतो.

## टप्पा ३: आधी साधे स्प्रिंट, मग मोजमाप

सगळ्यात जास्त चूक इथे होते. बहुतेक हौशी संघ आठवड्यातून दोनदा जमतात, अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारतात आणि मग मॅच खेळतात. त्यांच्या पायांना पूर्ण वेगाची सवयच नसते. अशा संघाला थेट चोवीस स्प्रिंट दिले तर ऑक्सिजनचा प्रश्न यायच्या आधी मांडीमागचा स्नायू फाटतो.

म्हणून पहिले दोन आठवडे श्वास न रोखता, नेहमीसारखा श्वास घेत स्प्रिंट. आठवड्यातून दोन सत्रं:

- पहिलं सत्र: ३० मीटरचे ६, ऐंशी टक्के वेगाने
- दुसरं सत्र: ३० मीटरचे ८, नव्वद टक्के वेगाने
- तिसरं सत्र: ४० मीटरचे ८, पूर्ण वेगाने, मध्ये एक मिनिट विश्रांती
- चौथं सत्र: ४० मीटरचे ६ याप्रमाणे दोन सेट, दर ३० सेकंदांनी एक

त्याच दिवशी वॉर्मअपनंतर नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचे पाच-पाचचे दोन सेट घ्या. जोडीदाराने घोटे धरायचे, गुडघ्यावर बसलेल्याने पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं.

मग चाचणी. २० मीटर जाऊन वळून परत, म्हणजे एकूण ४० मीटर, असे सहा स्प्रिंट. दोन स्प्रिंटमध्ये २० सेकंद. प्रत्येक वेळ लिहून ठेवा. नंतर हिशेब असा:

सहाही वेळांची बेरीज भागिले (सर्वात चांगली वेळ गुणिले सहा). आलेल्या आकड्यातून १ वजा करा आणि १०० ने गुणा.

समजा सर्वात चांगली वेळ ७.२० सेकंद आणि बेरीज ४५.४०. सहा गुणिले ७.२० म्हणजे ४३.२०. ४५.४० भागिले ४३.२० बरोबर १.०५१. म्हणजे घसरण ५.१ टक्के. पुढे तुलना याच आकड्याशी आणि सर्वात चांगल्या वेळेशी करायची. दोन्ही सोबत बघा. नुसती घसरण बघितली तर हळू धावणारा हुशार ठरतो.

तपासणी: चाचणीच्या आधी, पूर्ण विश्रांती घेऊन, खेळाडूकडून हाच एक स्प्रिंट जीव तोडून मारून घ्या. चाचणीतला पहिला स्प्रिंट त्यापेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त हळू आला, तर त्याने शेवटासाठी दम राखून ठेवला आहे. पाच मिनिटं बसवून चाचणी पुन्हा घ्या.

स्टॉपवॉच दर वेळी एकाच माणसाच्या हातात असावं. माणूस बदलला की एक-दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे होतात, आणि आपल्याला पकडायचा फरकही तेवढाच असतो. रेषेच्या अगदी बाजूला मोबाइल तिवईवर ठेवून व्हिडिओ काढणं जास्त भरवशाचं.

चाचणी दोन्ही वेळा त्याच मैदानावर, त्याच बुटांत. जांभ्याची लाल माती जानेवारीत दगडासारखी कडक होते आणि पहाटे दवाने वर निसरडी असते. ऑगस्टमध्ये तिचाच चिखल होतो. त्या दोन वेळांची तुलना करून काही हाती लागत नाही. मिरामारची किंवा कळंगुटची वाळू चाचणीला अजिबात नको. ओल्या वाळूला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एका पायावर भार पडतो.

## टप्पा ४: ऑक्सिमीटर नीट वापरा

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं, बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर पुरेसं आहे, पण ते कसं चुकतं हे माहीत हवं. घामाने निसरडं झालेलं बोट, नखावरचं नेलपॉलिश, बोटाच्या टोकाला लावलेली गडद मेंदी, थेट ऊन आणि हलणारा हात या सगळ्याने आकडा बिघडतो. सावळ्या कातडीवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतात. शिवाय चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालतातच.

धावताना आकडा मिळत नाही. सेटचा शेवटचा स्प्रिंट संपला की लगेच असं करा: बोट टॉवेलने पुसा, खाली बसा, हात छातीच्या उंचीवर स्थिर ठेवा, वर टॉवेलची सावली करा. पडद्यावर नाडीची लाट नियमित दिसू लागल्यावर पुढच्या तीस सेकंदांतला सर्वात खालचा आकडा लिहा. फुप्फुसातून बोटापर्यंत रक्त पोचायला वेळ लागतो, म्हणून सर्वात खालचा आकडा थोडा उशिरा दिसतो. पहिलाच आकडा वाचून यंत्र काढून घेऊ नका.

विश्रांतीत ९६ ते ९९ यायला हवं. तेच ९३ येत असेल तर यंत्र बदलून बघा. तरीही ९३ राहिलं तर त्या खेळाडूला त्या दिवशी बाजूला बसवा.

## टप्पा ५: श्वास सोडून रोखण्याचं तंत्र

सगळा सराव या तंत्रावर उभा आहे. दोन सत्रं फक्त याच्यासाठी द्या, घाई करू नका.

बहुतेक खेळाडू 'श्वास रोखा' म्हटलं की छाती भरून हवा घेतात आणि मग रोखतात. नेमकं उलटं करायचं आहे. भरलेल्या फुप्फुसात सहा-सात सेकंद पुरेल एवढा ऑक्सिजन सहज असतो, त्यामुळे रक्तातला आकडा हलतच नाही. हवा आधी सोडली की साठा लहान होतो आणि स्नायू रक्तातला ऑक्सिजन ओढून घेतात.

क्रम असा:

१. रेषेवर उभे राहा. दोन साधे श्वास. मोठे, खोल श्वास नाहीत.

२. श्वास सोडा, उसासा टाकल्यासारखा. पोट दाबून हवा बाहेर ढकलायची नाही. बाहेर जाणारा श्वास आपोआप जिथे थांबतो तिथेच थांबा.

३. तोंड बंद, नाकही बंद असल्यासारखं. एका सेकंदाच्या आत धाव सुरू.

४. पूर्ण वेगाने सहा ते सात सेकंद. जबडा आणि खांदे सैल. घशात अडवून जोर लावायचा नाही.

५. रेषा ओलांडताच उरलेली हवा 'फू' करून झटकन बाहेर टाका आणि मगच श्वास आत घ्या. या दुसऱ्या फुंकरीने साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. ती विसरलेल्या खेळाडूंचं डोकं जास्त दुखतं.

६. चालत परत या, श्वास मोकळा. पुढच्या स्प्रिंटच्या आधीच्या पाच सेकंदांत श्वास थोडा उतरलेला हवा, नाहीतर उसासा टाकायला जमत नाही.

पहिल्या सत्रात धावायचं नाही. चालत चालत श्वास सोडा, आठ ते दहा पावलं रोखा, मग सहा-सात मोकळे श्वास. असं आठ वेळा. त्यानंतर हलक्या जॉगिंगमध्ये पाच सेकंद रोखून वीस सेकंद मोकळं, सहा वेळा. दुसऱ्या सत्रात २० मीटरचे सहा आणि ३० मीटरचे चार, ऐंशी टक्के वेगाने.

अंतर ४० मीटरच हवं असं नाही. ठरवायची ती वेळ. ज्याला ४० मीटरला सात सेकंदांहून जास्त लागतात, त्याला ३० मीटर द्या.

पुढे दिसणाऱ्या चुका आणि त्यांची कारणं:

*सेटनंतर सगळ्यांचा आकडा ९६-९७.* छाती भरून निघतायत, किंवा मध्येच नाकाने चोरटा श्वास घेतायत. पंचवीस मीटरवर एकाला उभं करा आणि तोंड व नाकपुड्या बघायला सांगा.

*घसा आवळल्यासारखा होतो, वेग एकदम पडतो.* हवा गरजेपेक्षा जास्त बाहेर ढकलली. तळापर्यंत रिकामं व्हायचं नाही.

*स्प्रिंटआधी खेळाडू भराभर खोल श्वास घेतो.* हे ताबडतोब थांबवा. तसं केल्याने कार्बन डायऑक्साइड आधीच उतरतो, श्वास घ्यावासा वाटण्याची शरीराची सूचना उशिरा येते, आणि ती यायच्या आत भोवळ येऊ शकते.

*रेषेपलीकडे गेल्यावरही श्वास रोखून मर्दानगी दाखवणं.* रोखायची वेळ वाढवून फायदा वाढत नाही. धोका वाढतो आणि पुढचा स्प्रिंट बिघडतो.

कबड्डीपटूंबद्दल एक गोष्ट. एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत तीस सेकंद चढाई करणाऱ्याला वाटतं की हे आपण रोजच करतो. पण चढाईआधी तो छाती भरून घेतो आणि दम पुरवून पुरवून सोडतो. इथे सुरुवातच रिकाम्या छातीने आहे. त्यामुळे त्यांनाही पहिलं चालण्याचं सत्र चुकवू देऊ नका. उलट जुनी सवय मोडायला त्यांनाच जास्त वेळ लागतो.

खबरदारी: डोळ्यांपुढे अंधारी, ओठ किंवा बोटांना मुंग्या, छातीत दुखणं, बोलताना गोंधळ यातलं काहीही दिसलं की त्या खेळाडूचं सत्र तिथेच संपलं. त्याला बसवा, मोकळा श्वास घेऊ द्या, एकटं सोडू नका. छातीत दुखणं किंवा बेशुद्धी असेल तर १०८ ला फोन.

## टप्पा ६: मुख्य तीन आठवडे

आठवड्यातून दोन सत्रं, एकूण सहा. प्रत्येक स्प्रिंट दर ३० सेकंदांनी सुरू. म्हणजे साडेसहा सेकंद धाव आणि उरलेले साडेतेवीस सेकंद चालत परत. दोन सेटमध्ये चार मिनिटं मोकळा श्वास.

- सत्र १: ५ स्प्रिंटचे २ सेट
- सत्र २: ६ चे २
- सत्र ३: ७ चे २
- सत्र ४: ८ चे २
- सत्र ५: ७ चे ३
- सत्र ६: ८ चे ३

सहाव्या सत्रात एकूण ९६० मीटर पूर्ण वेगाने होतात. हौशी खेळाडूला एवढे खूप झाले. 'मुलांना जमतंय' म्हणून चौथा सेट जोडू नका.

सराव वॉर्मअपनंतर लगेच. कोच मंडळी ही कंडिशनिंगची गोष्ट समजून मॅच खेळून झाल्यावर शेवटी टाकतात. तेव्हा पाय थकलेले असतात, स्प्रिंट धड स्प्रिंट राहत नाही आणि स्नायूला इजा होण्याची शक्यता वाढते. आधी हे, मग बॉल.

आठ-आठ जणांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीवर लक्ष ठेवणारा एक माणूस. खेळाडूंच्या जोड्या लावा, एक धावेल तेव्हा दुसरा त्याचं तोंड बघेल. गोलकीपरना यातून सूट दिली तरी बिघडत नाही.

तपासणी, प्रत्येक सेटनंतर:

- आकडा ८५ ते ९२ मध्ये असेल तर उत्तम. मापन उशिरा झालं तर ९३-९४ ही चालेल.
- ८० च्या खाली गेला तर त्या खेळाडूचं त्या दिवसाचं काम बंद.
- दोन मिनिटांत आकडा ९५ च्या वर परतला नाही, तर पुढचा सेट नाही.
- सेटमधला शेवटचा स्प्रिंट पहिल्यापेक्षा आठ टक्क्यांहून हळू पडला (६.० चा ६.५ झाला), तर पुढच्या सेटमधून दोन स्प्रिंट कमी करा.

एखाद्याला मधेच श्वास घ्यावाच लागला तर घेऊ द्या. स्प्रिंट पूर्ण करायचा, पुढचा एक साध्या श्वासाने मारायचा आणि मग पुन्हा क्रमात यायचं. याबद्दल त्याला कोणी हसता कामा नये. हसलं की पुढच्या वेळी तो त्रास लपवतो.

## टप्पा ७: वार, ऊन आणि पाणी

रविवारी सामना असेल तर मंगळवार आणि गुरुवार घ्या. दोन सत्रांत किमान ४८ तास, शेवटचं सत्र आणि सामना यांत ७२ तास. शुक्रवारी केलं तर रविवारी पाय जड राहतात.

पाच-सहा आठवडे सलग मिळतील असा काळ निवडा. चवथीच्या आठवड्यात गोव्यात निम्मा संघ घरी असतो, शिगम्यात आणि नाताळातही तेच. मध्ये दहा दिवसांचा खंड पडला तर दोन सत्रं मागे जाऊन सुरू करा. उपवासाच्या दिवशी हे सत्र नको.

ऊन हा आणखी एक भार आहे, आणि गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने तो दुप्पट जाणवतो. ऑक्टोबर आणि मार्च ते मे या काळात हे सत्र सकाळी साडेसातच्या आत संपवा. उष्णतेची सवय करण्याचा सराव उपयोगाचा असतो. दहा-चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. पण तो वेगळ्या आठवड्यांत करा. दोन्ही एकाच सत्रात घातले की खेळाडू कशाने कोसळला ते कळत नाही.

सत्राच्या आधी आणि नंतर वजन करा. ७० किलोच्या खेळाडूचं वजन १.४ किलोपेक्षा जास्त उतरलं तर तो पाणी कमी पितोय. जेवढं वजन उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत प्यावं, घोट घोट. लिटरला पाव चमचा मीठ आणि थोडी साखर घालून केलेलं कोकम सरबत चालतं. सत्राच्या दोन तास आधी पोटभर जेवण नको. पेज किंवा केळं पुरे.

सत्रानंतर डोकं दुखत किंवा हलकं वाटत असेल त्याने दुचाकी चालवायची नाही. अर्धा तास बसा, नाहीतर दुसऱ्याच्या मागे बसून जा.

## यंत्र वापरणार असाल तर

काही जिममध्ये ऑक्सिजन कमी करणारं यंत्र आणि मास्क किंवा बंद खोली असते. तिथे सायकलवर सहा ते दहा सेकंदांचे स्प्रिंट मारतात, हवेतला ऑक्सिजन १३.५ ते १४.५ टक्के, म्हणजे साधारण ३,००० ते ३,५०० मीटर उंचीइतका. पहिलं सत्र १६ टक्क्यांवर, कमी स्प्रिंट मारून.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा.

एक, ऑक्सिजन सेन्सर कसा जुळवला? कोरड्या हवेत २०.९ वर जुळवतात. गोव्याच्या बाहेरच्या हवेत, ३० अंश तापमान आणि ऐंशी टक्के दमटपणा असेल, तर वाफेमुळे ऑक्सिजन प्रत्यक्षात २०.२ च्या आसपास असतो. त्या हवेत उभं राहून सेन्सर २०.९ वर जुळवला, तर यंत्राच्या कोरड्या हवेत तो जास्त आकडा दाखवतो. पडद्यावर १४.५ दिसत असताना खेळाडू १४.० वर असतो. वातानुकूलित कोरड्या खोलीत जुळवणं बरं.

दुसरी गोष्ट, हवेची पिशवी केवढी? स्प्रिंटमध्ये माणूस मिनिटाला शंभर लिटरच्या पुढे हवा ओढतो. यंत्राची क्षमता कमी आणि पिशवी छोटी असेल तर पिशवी चपटी होते, खेळाडू मास्कच्या कडेने खोलीतली साधी हवा ओढतो आणि आपण पैसे मोजतो हवेला. पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी पिशवीवर नजर ठेवा. बंद खोलीत अनेक जण एकत्र असतील तर कार्बन डायऑक्साइडचं मीटर हवंच.

नुसतं बसून तासभर मास्क लावण्याच्या पॅकेजवर पैसे घालवू नका. खेळाच्या दमाला त्याचा फायदा नगण्य आहे.

## घाटावर जाणार असाल तर

चोर्ला घाट साधारण ८०० मीटर, आंबोली ६९० च्या आसपास, गोव्यातलं सर्वात उंच शिखर सोंसोगड १,१६६ मीटर. रक्तावर परिणाम व्हायला साधारण २,००० मीटरच्या वर राहावं लागतं, तेव्हा या तिन्ही ठिकाणी टीम घेऊन जाणं म्हणजे चांगली सहल, एवढंच. ऊटी २,२४० मीटरवर आहे आणि आकड्यात बसते. पण शंभर तास राहिल्यामागे हिमोग्लोबिनच्या एकूण साठ्यात साधारण एकच टक्का वाढ होते. शनिवार-रविवार जाऊन येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तीन आठवडे सलग सुट्टी काढता येणारा हौशी संघ विरळाच.

## टप्पा ८: पुन्हा मोजणी

सहावं सत्र झाल्यावर लगेच चाचणी घेऊ नका. चार ते सात दिवस हलकी प्रॅक्टिस, दोन-तीन छोटे मोकळे स्प्रिंट, मग तीच सहा स्प्रिंटची चाचणी. त्याच मैदानावर, त्याच वेळेला, त्याच माणसाच्या हातात स्टॉपवॉच देऊन.

निकाल वाचताना:

सर्वात चांगली वेळ तशीच आणि घसरण उतरली (५.१ ची ३.८ झाली), तर सराव लागू पडला.

घसरण उतरली पण सर्वात चांगली वेळही खराब झाली, तर खेळाडू अजून थकलेला आहे किंवा त्याने पहिले स्प्रिंट हळू मारले. आणखी आठवडाभर थांबून परत चाचणी घ्या.

सर्वात चांगली वेळ सुधारली आणि घसरण तेवढीच राहिली, तर फायदा बहुतेक नुसत्या स्प्रिंटचा आहे. ही शक्यता नेहमी धरून चाला. ज्या संघाने आधी कधी स्प्रिंटच मारले नव्हते, त्याची बरीचशी सुधारणा श्वास न रोखताही झाली असती. खरंच जाणून घ्यायचं असेल तर अर्ध्या संघाला हेच सहा दिवस, तेवढेच स्प्रिंट, पण मोकळ्या श्वासाने द्या आणि दोन्ही गटांचे आकडे शेजारी मांडा.

काहीच बदललं नाही, तर आधी सेटनंतरच्या आकड्यांची वही उघडा. आकडे सतत ९५ च्या वर असतील तर कमी ऑक्सिजनचा सराव झालाच नव्हता, आणि टप्पा ५ पासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. आकडे बरोबर असतील तर फेरिटिन, झोप आणि आठवड्यातले एकूण सामने बघा. असा कार्यक्रम हंगामात एकदा, फार तर दोनदा घ्या आणि मध्ये किमान आठ आठवडे साधा सराव ठेवा.